श्वासाच्या बारीक वाटा

माझी मुलगी सम्यका आता सात वर्षांची आहे. दीड वर्षाची असताना तिला न्यूमोनिया झाला. न्यूमोनिया गेला, पण जाताना तिच्या फुप्फुसातल्या सगळ्यात बारीक नळ्या खराब करून गेला. त्या आजाराचं नाव लांबलचक आहे. मला ते न अडखळता म्हणता यायलाच दोन महिने लागले.

हे मी लिहितेय ते अशा एखाद्या आईसाठी, जी आत्ता कुठल्यातरी वॉर्डात बाळाच्या छातीकडं बघत बसली असेल आणि तिला समजेल अशा शब्दांत कुणी काही सांगितलं नसेल. मी डॉक्टर नाही. बारावी झाल्यावर माझं लग्न झालं, चांदीकामाच्या हुपरीत आले आणि तेव्हापासून पैंजणाला घुंगरू बसवते. औषधं कुठली, किती, हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. मी जे बघितलं ते सांगते. खरं सांगायचं तर त्यातलं बरंचसं अजूनही मला आश्चर्याचंच वाटतं.

पोट उडतंय

सुरुवात साध्या सर्दीनं झाली. घरात सगळ्यांचीच नाकं गळत होती, त्यामुळं कुणी मनावर घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, तिला पायावर घेऊन अंग पुसत होत्या. मी आत कामाला बसले होते. त्यांनी हाक मारली, ती नेहमीसारखी नव्हती.

"सविता, हातातलं टाक आन् हिकडं ये. पोरीचं प्वाट बघ कसं उडतंय."

बरगड्यांच्या खाली प्रत्येक श्वासाला खड्डा पडत होता. नाकपुड्या फुलत होत्या. मी तोवर कधी कुणाचा श्वास नीट बघितलाच नव्हता. श्वास ही काय बघायची गोष्ट आहे? चालू असतो. त्या सकाळी पहिल्यांदा कळलं की तो कष्टानंसुद्धा घेतला जातो.

गावातल्या डॉक्टरांनी तिला तपासलं आणि चिठ्ठी लिहिता लिहिताच म्हणाले, "कोल्हापूरला न्या. वाटेत कुठं थांबू नका." माझे मिस्टर विकास यांच्या चुलतभावानं गाडी काढली. दुपारपर्यंत ती ऑक्सिजनवर होती आणि संध्याकाळी तिला श्वास द्यायच्या मशीनला लावलं. मशीनवर ती नऊ दिवस होती.

शालन मावशी

अतिदक्षता विभागात आईला दिवसातून दोन वेळा सोडायचे. सकाळी डॉक्टरांचा राउंड झाला की एकदा आणि दुपारी चारनंतर एकदा. मधल्या वेळेत मी जिन्याजवळच्या बाकड्यावर बसायची. तिथली आणि आतल्या वॉर्डातली फरशी पुसायला शालन मावशी यायच्या. पन्नाशीच्या, बोलायला फटकळ. आत गेले की मी मशीनवरच्या आकड्यांकडंच बघत राहायची. आकडा खाली आला की सिस्टरला हाक मारायची. चौथ्या दिवशी मावशींनी आतच माझा दंड धरला.

"बाई, त्या मशिनीकडं काय बघत बसलीयास? आकडं बघायला सिस्टर हाईत. पोरीकडं बघ की. मशीन काय तुझं दूध प्यालंय?"

मला राग आला. पण मी मान वळवली आणि सम्यकाकडं बघितलं. तिच्या हाताची करंगळी हलत होती. नळ्या, पट्ट्या, सुया यांच्यात ती एवढी एक करंगळी मोकळी होती. मी तिला माझं बोट लावलं. तिनं धरलं.

नवव्या दिवशी नळी काढली तेव्हा मला पडद्याबाहेर उभं केलं होतं. आतून आधी काहीच आवाज आला नाही. मग एक बसकी, बारीक खोकल्याची उबळ आली. सिस्टरनं पडदा सरकवला. माझं लेकरू स्वतःच्या छातीनं श्वास घेत होतं. वर, खाली. पुन्हा वर. विकास माझ्या शेजारी उभे होते. ते हात जोडून उभे आहेत हे त्यांच्याही लक्षात नव्हतं.

चोविसाव्या दिवशी आम्ही घरी आलो. आम्हाला वाटलं, संपलं.

सगळे म्हणत होते, बाळदमा

संपलं नव्हतं. ताप गेला, पण श्वास जोरातच राहिला. झोपेत मोजला तरी मिनिटाला पन्नासच्या वर. छातीला कान लावला की आत कागद चुरगळल्यासारखा आवाज यायचा. आजारापूर्वी ती भिंतीला धरून चालायची, आता अंगणाच्या मधोमध बसून राहायची. एखादा डबा दोन हातांवर असला तरी तो आणायला जायची नाही, नुसतं बघायची. अंघोळीच्या वेळी ओठ निळसर व्हायचे. शेजारणी म्हणायच्या, पाणी गार असंल.

डॉक्टरांनी बाळदमा म्हणून पंप दिला. पाच महिने आम्ही तो तोंडाला मास्क लावून नेमानं दिला. दम्याच्या पोराला पंप दिला की थोड्या वेळात बरं वाटतं, असं सगळे सांगायचे. सम्यकाला काही फरकच पडत नव्हता. मला वाटायचं, मीच नीट देत नाही. मी आरशासमोर बसून स्वतःला मास्क लावून बघायची, कुठून हवा निसटते का.

हे मुद्दाम लिहितेय. औषध लागू पडत नसेल तर दोष आपल्या हाताचाच असतो असं नाही. तेच पुन्हा पुन्हा देण्याआधी एकदा विचारावं.

निदानाचा दिवस

अखेर कोल्हापुरातच मुलांच्या फुप्फुसांच्या एका डॉक्टरबाईंकडं आम्हाला पाठवलं. त्यांनी बराच वेळ काही विचारलंच नाही. सम्यकाला माझ्या मांडीवरच राहू दिलं आणि तिचा फ्रॉक वर करून नुसता तिचा श्वास बघत बसल्या. आत्तीनंतर असं बघणारं दुसरं माणूस मला तेच भेटलं.

सीटी स्कॅन झाल्यावर त्यांनी आम्हाला संगणकासमोर बसवलं. पडद्यावर तिची फुप्फुसं होती. एकसारखी नव्हती, ठिगळं लावल्यासारखी दिसत होती. काही भाग करडे, काही काळे.

"काळं दिसतंय तिथं हवा आत जाऊन अडकून बसलीय," मॅडम म्हणाल्या. "बाहेर यायची वाट बंद झालीय."

मग त्यांनी कागद घेतला आणि झाड काढलं, उलटं. खोड म्हणजे श्वासनलिका. तिला दोन फांद्या. प्रत्येक फांदीला पुन्हा दोन. त्या काढत गेल्या, कागद भरला तरी काढत होत्या.

"असे वीसबावीस वेळा फाटे फुटतात. शेवटच्या फाट्यांना हवेच्या बारीक पिशव्या असतात. तुमच्या बाळाच्या या शेवटाकडच्या नळ्या विषाणूनं सोलून काढल्या आणि भरून येताना त्यांच्यात व्रण धरले. याला ब्रॉंकिओलायटिस ऑब्लिटरन्स म्हणतात."

"केवढ्या असतात त्या नळ्या?" विकासनी विचारलं.

मॅडमनी टेबलावरची टाचणी उचलून दाखवली. "हिच्यापेक्षाही बारीक."

विकास पंधरा वर्षांचे असल्यापासून चांदीच्या तारेत हात घालून आहेत. तारेची जाडी ते चिमटीत धरून सांगतात. त्यांनी चिमूट केली आणि आपल्याच बोटांकडं बघत राहिले. म्हणाले, "एवढ्या बारकीतनं माणसाचा जीव ये-जा करतोय?"

"सगळ्यांचाच," मॅडम म्हणाल्या.

मी विचारलं, बरं होईल का. त्यांनी डोळे चुकवले नाहीत. "व्रण धरलेल्या नळ्या पुन्हा पहिल्यासारख्या होत नाहीत. हे मी आजच सांगते. पण तिची फुप्फुसं अजून पूर्ण झालेली नाहीत, ताई. एवढ्या लहान मुलांची फुप्फुसं अजून वाढत असतात. बिघडलेलं तसंच राहील, पण त्याच्या शेजारी नवं उगवेल. आपण तिला ऑक्सिजन देऊ, खायला घालू, पुन्हा संसर्ग होऊ देणार नाही. वाढायचं काम ती करेल."

त्या दिवशी मी अर्ध्याच गोष्टीसाठी रडले. उरलेली अर्धी मला तेव्हा कळलीच नव्हती.

विकासचा प्रश्न

निघताना विकास दारातून परत फिरले. आमच्या घरात पुढच्या खोलीत राहणं आणि मागच्या खोलीत काम. पैंजणाच्या कड्या गॅसच्या ज्योतीवर डाग देऊन जोडायच्या, मग ॲसिडच्या पाण्यात उजळायच्या. धूर आणि वाफ घरभर. हुपरीत बहुतेक घरांत असंच आहे.

"मॅडम, एक विचारू? माझ्या कामाच्या धुरानं झालं काय हे?"

"नाही," त्या लगेच म्हणाल्या. "विषाणूनं झालं. तो कुणाच्याही घरात येतो. पण इथून पुढं धूर तिला चालणार नाही."

विकासनी मान हलवली. पायऱ्या उतरून खाली आलो तर पार्किंगमध्ये दुचाकीच्या आडोशाला बसले आणि ओंजळीत तोंड घालून हमसून रडले. लग्नानंतर मी त्यांना पहिल्यांदाच रडताना बघत होते. सम्यका माझ्या कडेवरून वाकून त्यांच्या केसांना हात लावत होती.

त्या आठवड्यातच त्यांनी कामाचं टेबल, गॅसची टाकी, ॲसिडची भांडी, सगळं उचलून गावाच्या दुसऱ्या टोकाला चुलतभावाच्या शेडमध्ये नेलं. कामावरून आल्यावर बाहेरच अंघोळ करायची, कपडे बदलायचे, मगच आत यायचं. आम्ही बौद्ध. आत्ती रोज सकाळी मूर्तीपुढं अगरबत्ती, मेणबत्ती लावून वंदना म्हणायच्या. त्यांनी कुणी न सांगता अगरबत्ती बंद केली. एक दिवस मी बघितलं तर मूर्तीपुढं नुसतं फुलपात्रात पाणी आणि जास्वंदीचं फूल. मी काही बोलणार तर म्हणाल्या, "बुद्धाला धूर न्हाय लागत. त्यानं श्वासाकडंच बघ म्हणून सांगितलंय की."

पण मी सगळं चांगलंच लिहिलं तर ते खोटं होईल. वर्षभरानं, एका वाईट आठवड्यात, सम्यकाला दुसऱ्यांदा ॲडमिट केलं होतं तेव्हा, मी विकासना म्हणाले, "तुमच्या धुरानंच झालंय हे. मॅडम तुमच्या तोंडावर बोलल्या नाहीत एवढंच." मला माहीत होतं की हे खरं नाही. तरीही म्हणाले. भीतीला कुणाच्यातरी डोक्यावर बसायचं असतं, ती मी त्यांच्या डोक्यावर बसवली. ते महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलले. मी माफी मागितली, पण तो शब्द परत घेता आला नाही. तुम्ही असं बोलू नका. आणि बोलल्या असाल, तर तुम्ही एकट्या नाही.

शेपटी

घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. छोट्या कपाटाएवढं, दिवसभर घुरघुरणारं. ते खोलीतलीच हवा ओढतं आणि तिच्यातला ऑक्सिजन वेगळा काढून देतं हे मला कळलं, तेव्हा मी बराच वेळ त्याच्याकडं बघत बसले. ही हवा तर आमच्या घरातलीच होती.

मशीनपासून सम्यकाच्या नाकापर्यंत लांब नळी. ऑक्सिजन मिळायला लागल्यावर पंधरा दिवसांत ती उठून चालायला लागली. म्हणजे ती आळशी झाली नव्हती, भित्री झाली नव्हती. तेवढं बळ पुरवायला तिच्याकडं हवाच नव्हती. नळीला ती "माझी शेपटी" म्हणायची. खांबाला वळसा घातला की उलट्या दिशेनं वळून नळी सोडवायची. हे तिला कुणी शिकवलं नाही. पाहुणे आले की सांगायची, "शेपटीवर पाय देऊ नगा!"

लोक म्हणायचे, मशीनची सवय लागंल पोरीला. आत्ती म्हणायच्या, "आमास्नी न्हाय व्हय हवेची सवय?"

ज्योती बंद

मे महिन्यातली दुपार होती. वळवाचं वारं सुटलं आणि वीज गेली. अशा वेळेसाठी आमच्याकडं लहान सिलिंडर असायचा, तो लावला. वायरमनला फोन केला तर म्हणाला, झाड पडून खांब आडवा झालाय, अंधार पडेपर्यंत काही धरू नका. सिलिंडर जेमतेम दीड तासाचा होता. दुसरा मागवला, पण रस्त्यावर फांद्या पडल्यामुळं गाडी अडकली होती. सम्यकाच्या बोटाला लावलेल्या, ऑक्सिजन मोजायच्या चिमट्यावरचा आकडा नळी काढली की पंच्याऐंशीच्या खाली यायचा.

विकास शेडमधून पळत आले. मशीन उचललं. "अण्णांच्याकडं जनरेटर हाय."

अण्णा म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाला मोठं कारखानाघर असलेले म्हातारे गृहस्थ. आमचं त्यांचं जाणंयेणं नव्हतं, रस्त्यात दिसले तर मान हलवण्यापुरती ओळख. त्यांच्याकडं दहाबारा माणसं रांगेत बसून डाग द्यायचं काम करायची. मी सम्यकाला आणि सिलिंडरला घेऊन मागोमाग गेले आणि दारातच थांबले. आत निळ्या ज्योतींची रांग होती. धूर छताला लागला होता. जिथं वीज होती तिथंच तिला नेता येत नव्हतं.

अण्णांनी चष्मा वर केला. विकासनी दोन वाक्यांत सांगितलं. अण्णांनी आणखी काही विचारलं नाही. मागं वळून ओरडले, "ज्योती बंद करा रं सगळ्या! खिडक्या उघडा! ॲसिडची भांडी मागल्या दारी न्या!"

एकामागून एक ज्योत विझली. माणसं उठली, कुणी पंखे उलटे फिरवून धूर बाहेर लोटला, कुणी ओल्या फडक्यानं फरशी पुसली. बाहेर वारा होताच, त्यानं उरलेलं काम केलं. सिलिंडरचा काटा शेवटाला टेकला तेव्हा मशीन सुरू झालं होतं.

मग ती सगळी माणसं भिंतीला टेकून बसली. हातातलं काम तसंच पडलेलं. कुणी बिडीसुद्धा ओढायला गेलं नाही. मधे एक सतरंजी, तिच्यावर सम्यका. थोड्या वेळानं एकानं तिच्यापुढं मूठभर घुंगरू ठेवले. ती ते एकेक करून रांगेत लावत बसली आणि एवढी थोराड माणसं बघत राहिली. साडेतीन तास. मी आजवर खूप डॉक्टर, खूप औषधं बघितली. पण कुणी मला विचारलं की सगळ्यात मोठी गोष्ट काय बघितलीस, तर मी त्या विझलेल्या ज्योतींची रांग सांगेन.

वीज आल्यावर मी अण्णांच्या पाया पडायला वाकले. ते मागं सरकले. "उठ की पोरी. नात हाय आमची."

नवं उगवतं

त्यानंतर काय घडलं ते सांगायला सोपं आणि मानायला अवघड आहे. तिची फुप्फुसं वाढली. त्यात दिसण्यासारखं काही नव्हतं. रोज सकाळी वाफारा, छातीपाठीवर थापटणं, साबणाचे फुगे फुंकणं, अंडं, तुपातला भात, दरवर्षी सर्दीतापाची लस. सहा महिने काहीच बदल नाही. मग मॅडमनी ऑक्सिजनचा काटा अर्ध्यानं कमी केला आणि आकडा टिकला. आणखी काही महिन्यांनी दिवसा नळी काढली. साडेपाच वर्षांची असताना एका दुपारी जेवून ती नळीशिवाय झोपली. मी आणि आत्ती दोन बाजूंना बसलो. त्र्याण्णव. चौऱ्याण्णव. एकदा ब्याण्णव, पुन्हा चौऱ्याण्णव. दोन तास ती घोरत होती आणि आम्ही दोघी हलत नव्हतो.

मी मॅडमना विचारलं, नेमकं काय केलं आपण? त्या हसल्या. "आपण वाट मोकळी ठेवली. बाकी मला पण पूर्ण माहीत नाही."

ती बरी झालेली नाही, हे स्पष्ट लिहिते. छातीतला तो चुरचुर आवाज अजून आहे. जिना चढताना ती मधे थांबते. सर्दी झाली की आम्ही रात्रभर चिमट्यावरचा आकडा बघत बसतो. पळण्याच्या शर्यतीत ती नसते. शाळेत मात्र रोज जाते आणि बाईंच्या म्हणण्याप्रमाणं वर्गात सगळ्यात जास्त बोलते.

एक सांगायचं राहिलं

आम्ही तिला रडू दिलं नव्हतं. चार वर्षं. रडायला लागली की ती निळी पडायची, म्हणून तोंड वाकडं झालं की तिघांपैकी कुणीतरी धावायचं. मागेल ते द्यायचं, उचलून घ्यायचं, गाणं म्हणायचं. राणीच होती घरातली. तिचं रडणं कसं असतं तेच आम्ही विसरलो होतो.

ऑक्सिजन बंद होऊन तीनेक महिने झाले असतील. शेजारच्या शेळीचं एक करडू होतं, सम्यकाचं त्याच्यावर फार मन. एका सकाळी शेजाऱ्यांनी ते विकलं. टेम्पो गल्लीच्या वळणावर दिसेनासा झाला आणि ती धुळीत बसली. तोंड उघडलं.

मी चिमटा आणायला आत धावले. आत्ती पाण्याचा तांब्या घेऊन निघाल्या. विकास तिच्याजवळ पोचले होते, वाकले होते, आणि एकदम त्यांनी हात वर केला.

"थांबा. ऐका जरा."

तिनं भोकाड पसरलं होतं. असलं मोकळं, दणदणीत, गल्ली हादरवणारं. मग ती थांबली, छाती भरून लांब श्वास आत ओढला, आणि त्याच जोरानं पुन्हा सुरू झाली. ओठ लालबुंद. गाल लाल. पुन्हा श्वास, पुन्हा भोकाड. आम्ही तिघं तिच्याभोवती उभे होतो आणि कुणाच्यानं हलवत नव्हतं. त्या बारीक, व्रण धरलेल्या, टाचणीहून लहान वाटांमधून एवढा आवाज बाहेर येत होता.

समोरच्या काकी दारात आल्या. "अवो, पोरगी कवाधरनं रडाय लागलीया, गप करा की तिला!"

"रडू दे," आत्ती म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "प्वाटभर रडू दे."

सम्यकानं हातानं नाक पुसलं आणि आमच्याकडं बघितलं. आमच्या तोंडांवर काय होतं कोण जाणे, ती आणखीच भडकली.

"बघताय काय नुसतं? करडू आणा की!"